कुलपाला लावलेला कान

"चावी हरवलीय, घरात कुणी नाही," नवरा बाहेर चावीवाल्याला गोड आवाजात सांगत होता. दाराआड लपलेल्या तिची पाचावर धारण बसली. त्याने घरात पाऊल टाकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. तिने बोलावलेली पोलिसांची गाडी वाटेतच होती. कुलपात तार खरखरायला लागली. खटका ऐकायला चावीवाले कुलपाला कान लावतात, हे तिला आठवलं. चावीच्या भोकाला ओठ टेकवून ती कुजबुजली, "दादा, मी आत आहे. मारतो म्हणून कोर्टाने हाकललंय त्याला. उघडू नका." खरखर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. कट्कन काहीतरी मोडलं. "साहेब, तार आतच तुटली," चावीवाला म्हणाला. "आता हे माझ्या बापालाही उघडता यायचं नाही." नवऱ्याने दाराला लाथ घातली. चावीवाल्याची पेटी मात्र जिन्यात पोलिसांचे बूट वाजेपर्यंत आवरून होईना.