पाटावरचं शस्त्र

दसऱ्याला वेम्बलीच्या घरी मी पाटावर पुस्तकं मांडली, आणि घरात दुसरं शस्त्र नाही म्हणून विळी. माझी नात स्वराली टेक्सासला कॉलेजात शिकवते. तिनं व्हिडिओ कॉलवर आपला पाट दाखवला. त्यावर लॅपटॉप होता आणि शेजारी पिस्तूल.

"घाबरू नका आजोबा, लीगल आहे. रोज सोबत नेते. गाडीत लॉक करून ठेवलं की कॅम्पसवर चालतं."

तिथल्या कायद्यापुढे मी काय बोलणार? मग एक रीत आठवली.

"पूजेला मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं गं. आज ते घरीच राहू दे."

"लॅपटॉपपण?"

"लॅपटॉप ने. त्याचं चालतं."

"हे तुम्ही आत्ता बनवलंत ना?"

"नाही गं, आमच्याकडे पाळायचे." माझा आवाज मलाच खात्रीचा वाटला नाही.

तिनं वाद घातला नाही. पिस्तुलाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. मला हायसं वाटलं.

"ओके आजोबा," ती म्हणाली, "मग मी आज कॉलेजला जात नाही."