पिसांच्या टोपीतली नटी

“एकोणपन्नास,” रॉन म्हणाले आणि पलंगावर पसरलेली कार्डं पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

शंभरेक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून जाहिरात म्हणून मिळणारी ती छोटी कार्डं. प्रत्येकावर रंगभूमीवरच्या एका नटीचा फोटो. ही कार्डं त्यांना आईकडून मिळाली होती. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या या वृद्धाश्रमात येताना त्यांनी सगळं घर मागे सोडलं, पण कार्डांचा डबा सोबत आणला.

त्यांची देखभाल करणारी केअरर मयूरा पडदा सारखा करत राहिली. पिसांच्या टोपीतल्या नटीचं कार्ड तिनेच नेलं होतं. लेकीच्या, स्पृहाच्या, शाळेतल्या नाटकासाठी तशी टोपी करायची होती. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून विचारलं नाही. कार्ड युनिफॉर्मच्या खिशात राहिलं आणि वॉशिंग मशीनमध्ये त्याचा लगदा झाला.

“पन्नास होती ना गं?”

“एकोणपन्नासच असतील, रॉन. तुमच्या लक्षात राहिलं नसेल.”

त्या दिवसापासून रॉन स्वतःच्याच आठवणीवर शंका घेऊ लागले. गोळी घेतली का, हेही दोनदोनदा विचारू लागले. मॅनेजरने फाइलमध्ये ‘गोंधळतात’ अशी नोंद केली. सोमवारी डॉक्टर येणार होते. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुलूपबंद विंगमध्ये त्यांना हलवायचं का, ते ठरवायला.

मयूराने ऑनलाइन शोधून तसंच दुसरं कार्ड मागवलं आणि शुक्रवारी शिफ्टला घेऊन आली.

“रॉन, हे बघा. डब्याच्या तळाशी चिकटलं होतं.”

रॉननी नटीकडे पाहिलं. कार्ड उलटं केलं. पाठीवरून बोट फिरवलं.

“हे माझं नाही. माझ्या कार्डामागे आईने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रॉनीला’.”

मयूरा खुर्चीत बसली.

“मी नेलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला न विचारता. ते धुण्यात गेलं आणि मी खोटं बोलले. डॉक्टरांना मी सगळं सांगते.”

ते ओरडतील, बेल दाबून मॅनेजरला बोलावतील, याची ती वाट पाहत राहिली. पण रॉनचे डोळे भरून आले.

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “थँक यू, मयूरा.”