उजवीकडचा झोक

राजापेठेतल्या नत्थुजी मिस्त्रींनी जुन्या फियाटच्या मागच्या चाकांवरचे झिजलेले स्प्रिंगचे पाटे उतरवून अंगणात ठेवले, तेव्हा विमलकाकूंचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान, वसंतराव वकील, चांगले भारदस्त गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी ही गाडी चालवली आणि गाडी त्यांच्याच बाजूला कलत गेली. ते गेल्यावरही तीन वर्षं ती तशीच कललेली उभी होती.

नवे पाटे बसले. गाडी सरळ झाली.

"त्यांचा झोक गेला हो," काकू हळूच म्हणाल्या.

नत्थुजींनी पान्हा उचलला. ते कामाला लागले. रिकाम्या गाडीचे शेवटचे नट ते कधीच आवळत नसत. "चालवणाऱ्याचं वजन पडू द्या, मंग पक्कं करतो," असं म्हणायचे. मागच्या उजव्या चाकाजवळ आडवं होऊन त्यांनी पान्हा आत घातला आणि हाक दिली, "काकू, साहेबाच्या जागी बसा बरं."

दार लागलं. गाडी उजवीकडे चांगली चार बोटं खचली. नत्थुजींनी नट आवळले आणि ते उठले.

काकू घरातून चहा घेऊन येत होत्या. "मला हाक मारली का?"

स्टिअरिंगमागे कोणीच नव्हतं. गाडी मात्र कललेलीच होती.

काकू गाडीपाशी आल्या. नत्थुजींनी त्यांच्या हातातली कपबशी घेतली आणि डावीकडचं दार उघडून दिलं. काकू पदर सावरून बसल्या.

"डाव्या बाजूचे नट राहिले," असं पुटपुटत नत्थुजी पुन्हा आडवे झाले. वरून काकूंचा आवाज येत होता. त्या थोडं बोलत, मग गप्प होत, आणि एकदम हसत.