तेलकट उशी

पाळण्याचा दिवा सकाळपासून लाल होता. तीन महिन्यांची सई गप्प पडून होती, पण पाळणा मोजत असलेलं तिच्या लाळेतलं तणावाचं संप्रेरक वाढतच चाललं होतं. तिच्या आईला, गार्गीला, चंद्रावरच्या तळावर तातडीने जावं लागलं होतं. जाताना तिने स्वतःच्या रोजच्या साडीची गोधडी लेकीसाठी ठेवली होती.

"आई, गोधडी कुठंय?" सईच्या बाबाने, हेरंबने, यमुनाबाईंना विचारलं.

"वाळत घातलीय. दोनदा धुतली चांगली," यमुनाबाई म्हणाल्या.

"अगं, तिला गार्गीचा वास होता! या वयात तो तुटला तर मेंदू जन्मभर धास्तावलेला राहतो. डॉक्टरांनी बजावलं होतं ना?"

"तान्ह्या बाळाला मळकी गोधडी देतात का रे?" यमुनाबाई म्हणाल्या.

घरात न धुतलेलं काहीच उरलं नव्हतं. मग त्यांना माळ्यावरची गार्गीची उशी आठवली. "तेल चोपडून लोळते नुसती," असं सुनेला टोचून त्यांनी ती टाकायला काढली होती.

त्यांनी उशी पाळण्याच्या कठड्याला बाहेरून बांधली. सईने मान तिकडे वळवली. बऱ्याच वेळाने दिवा पिवळा झाला. हिरवा मात्र होईना.

"स्वच्छ अभ्रा घालू?" हेरंबने मुद्दाम विचारलं.

"हात लावून तर बघ!" दिव्यावरची नजर न हटवता यमुनाबाई म्हणाल्या.