दोरी बांधलेली बॅग

“आपापलं घर काढा,” असं सांगून लायब्ररीतल्या बाईंनी कागद आणि खडू वाटले. सुवर्णाचा हात मात्र पर्सवरच अडकून राहिला. पर्समध्ये तिचा राजीनामा होता. अमेयने, तिच्या नवऱ्याने, टाइप करून दिलेला. तिने फक्त सही करायची होती.

नाशिकच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. दोन वर्षांची बिनपगारी रजा पंधरा जूनला संपत होती. तोवर हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, नवऱ्याच्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं, आणि गाडीशिवाय साधं दूधही आणता येत नव्हतं. दिवसभर घरात जीव नुसता कोंडून जायचा. “अजून तीनच वर्षं गं,” अमेय म्हणायचा. आधी दोनच होती. पण सुवर्णानेही मनाची समजूत घालून ठेवली होती. नायलॉनच्या दोरीने करकचून बांधून आणलेली मोठी बॅग तिने अजून सोडलीच नव्हती. परत तर जायचंच आहे!

लायब्ररीत दर महिन्याला सगळ्यांसाठी एकेका प्रदेशाची संध्याकाळ असायची; आजची कॅरिबियन बेटांवरच्या मंडळींची. आधी फिल्म झाली, आता चित्रं. शेजारी बसलेल्या मिसेस रामपरसाद त्रिनिदादच्या. नाव आपल्याकडचं, इंग्रजी मात्र तिकडच्या सुरातलं. त्यांनी खांबांवर उभं असलेलं घर काढलं, अंगणात बांबूवर लाल झेंडे काढले आणि आतल्या खोलीत एक पत्र्याची पेटी. पेटीला दोरी.

“काय आहे पेटीत?” सुवर्णाने विचारलं.

“कोण जाणे! माझी पणजी बिहारहून उसाच्या मळ्यावर आली, पाच वर्षांच्या करारावर. परत जायचंय म्हणून पेटी कधी सोडलीच नाही तिने. ती गेली, तिची मुलं गेली. दोरी तशीच आहे.”

मिसेस रामपरसाद हसल्या. सुवर्णाने समोरचा कोरा कागद बाजूला सारला, पर्समधला कागद काढून उलटा केला आणि खडू उचलला.

आठ वाजता अमेय न्यायला आला. चित्रं तोवर भिंतीवर लागली होती.

“सही केलीस ना? उद्या कुरिअर करून टाकू.”

सुवर्णाने भिंतीकडे बोट दाखवलं. शाळेचा व्हरांडा, मांडी घालून बसलेल्या मुली, फळ्यापाशी रिकामी खुर्ची. खाली कोपऱ्यात तिची सही.

“मस्त काढलंयस यार! पण लेटर कुठंय?”

“उलटून बघ,” सुवर्णा म्हणाली. “आणि माझं तिकीट काढ. बॅग बांधलेलीच आहे.”