एकाच कडेला

धाकट्याची गाडी किंचाळत आवारात शिरली आणि अण्णा आपण होऊन बाहेर आले. गेले पाच महिने त्यांची थोरली लेक रोज सकाळी गॅरेज उघडताना मागच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "अण्णा, नुसते येऊन बसा." अण्णा भिंतीकडे कूस वळवून म्हणायचे, "आता तुझं तू बघ." आज त्यांना कोणी हाकही मारली नव्हती. घाईत चप्पल एकाच पायात घातलेली होती.

धाकट्याची बायको दोन्ही पोरांना घेऊन आत आजीकडे गेली. धाकट्यानं बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला. ऑफिसातला माणूस, शर्ट पांढरा.

"ब्रेक असतील का हो, अण्णा?"

थोरलीला हसू आलं. अण्णा हसले नाहीत. "गाडी उभी असताना ब्रेक कशाला ओरडतील, बाळा? हा बेल्ट आहे. ये असा, दाखवतो. इंजिन चालूच राहू दे." मग मान न वळवता म्हणाले, "अगं, मगभर पाणी आण."

थोरलीनं आणलं. अण्णांनी फिरत्या बेल्टवर बारीक धार धरली. किंचाळणं गप्पकन थांबलं. पाच-सहा सेकंद गेले आणि पुन्हा सुरू झालं.

"पाहिलंस? ओला झाला की गप्प, वाळला की परत सुरू. म्हणजे बेल्ट गेला. कळलं?"

"कळलं."

"पुन्हा बघायचंय?" अण्णांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा धार धरली.

बावीस वर्षं थोरली या गॅरेजात राबत होती. "पुन्हा बघायचंय?" असं तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. तिला जे काही येत होतं, ते शिव्या खाऊन आणि बोटं पोळून आलेलं होतं.

"इंजिन बंद कर. बेल्ट ही काढेल. तू नुसता लक्ष दे," अण्णा म्हणाले.

तिनं बोल्ट सैल केला आणि बेल्ट ओढून काढला. हातात घेतल्याबरोबर तिला वेगळंच काही जाणवलं. बेल्ट तसा जुना नव्हता. एक कड अगदी धड होती, दुसरीच्या मात्र दशा निघाल्या होत्या. एकाच कडेला झिजलाय म्हणजे तो तिरका धावतोय. सवयीनं तिची बोटं एकेका पुलीवरून फिरली. तीन सरळ होत्या. चौथी, बेल्टला ताण देणारी, अंगठ्याखाली डुगडुगली.

बेल्ट नव्हे, ही पुली गेली होती. नवा बेल्ट आज गप्प बसेल, पण महिनाभरात त्याचीही ती कड खाल्ली जाईल. आणि मग कधी, कुठल्या वळणावर तुटेल, याचा नेम नाही.

सांगायला तिनं तोंड उघडलं.

"आधी कानानं ओळखायचं," अण्णा धाकट्याला सांगत होते, "हात नंतर लावायचा. माझा कान अजून शाबूत आहे. काय?"

"तुमच्यासारखा कान कोणाचा नाही, अण्णा."

अण्णांचा चेहरा फुलला. पाच महिने ती ज्या चेहऱ्यासाठी झुरली होती, तोच हा चेहरा. तिनं तोंड मिटलं. ओरडू दे महिन्यानं, तिच्या मनात आलं. मग बघू कोणाचा कान ते.

तिनं नवा बेल्ट चढवला. "शेवटचा बोल्ट तू आवळ," म्हणून अण्णांनी पाना तिच्या हातून घेऊन धाकट्याच्या हातात दिला. गाडी चालू झाली. आवाज नाही. अण्णांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या शर्टावर काळी बोटं उमटली, तरी धाकटा हसतच राहिला.

निघायची वेळ झाली. पोरं मागच्या सीटवर खिडकीसाठी भांडत होती. त्यातल्या पोरीनं डोकं बाहेर काढलं. "आत्या, टाटा!"

थोरलीनं हात वर केला. गाडी हलली. वर केलेला हात तिनं बॉनेटवर आपटला.

"बंद कर."

"काय झालं, ताई?"

"ताणाची पुली गेलीय. बेल्ट खाणार ती. भर रस्त्यात तुटला, तर स्टिअरिंग दगडासारखं होईल. बॉनेट उघड."

अण्णा पुढे आले. खाली वाकून त्यांनी पुलीला अंगठा लावला. डुगडुगली. पुन्हा लावला. पुन्हा डुगडुगली.

"तुला कधी कळलं हे?"

"बेल्ट काढला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्याला शिकवत होतात."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. कोपऱ्यातलं स्टूल स्वतः ओढत आणलं आणि इंजिनापाशी बसले.

तिनं फळीवरून नवी पुली उतरवली, पाने मांडले, काम सुरू केलं. कुठला पाना कुठे लागेल हे तिला बघावं लागत नव्हतं. बराच वेळ अण्णांची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही.

मग ते म्हणाले, "बाळा, इकडे ये. ही कसं करते ते नीट बघ."

धाकटा शेजारी येऊन वाकला. थोरलीनं खांदा असा पुढे घेतला, की त्याला काही म्हणजे काही दिसू नये.