वरच्या मजल्याची भेट

"गुडघा कसा आहे आता?" दार उघडताच उंच बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या आत आल्या.

त्यांच्या मागून ठेंगण्या, जाड मावशी धापा टाकत आल्या आणि दिसेल त्या पहिल्या खुर्चीत बसल्या. मांडीवर गरम सूपचा डबा. "चर्चमधून आलोय हो," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलातल्या नर्सनं आमच्या पाळकांना सांगितलं, इथे डाव्या दाराला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे, एकटंच आहे. म्हटलं, बघून यावं."

दार उघडणाऱ्या निवृत्त पोस्टमनचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. ऑपरेशन झालेलं माणूस राहत होतं वरच्या मजल्यावर. परवाच त्याला खुर्चीत बसवून वर नेताना पोस्टमननं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. डावं दार वरही होतंच. मावशींचा श्वास एक जिना आधी संपला होता, एवढंच.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण या घरात राहायला आल्यापासून चार महिन्यांत मीटरवाला सोडला तर त्याची बेल कुणी वाजवली नव्हती.

"बरा आहे," तो म्हणाला.

मग काय, सेवा सुरूच झाली. उंच बाईंनी त्याचा उजवा पाय स्टुलावर ठेवला, खाली उशी सरकवली. मावशींनी श्वास परत येताच स्वयंपाकघराचा ताबा घेतला, ओट्यावरचा पसारा आवरला आणि असा पसारा करणाऱ्याला चार शब्द सुनावले. ते शब्द पोस्टमनला फार गोड लागले. त्याच्यावर हक्कानं कुणी रागावून कितीतरी दिवस झाले होते. शेवटी दोघींनी डोळे मिटून त्याच्या उजव्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. पोस्टमन काही त्यांच्या धर्माचा नव्हता, पण त्यानंही डोळे मिटले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर काठी वाजली. ठक. मग पाय घासत नेल्याचा आवाज. पुन्हा ठक.

पोस्टमननं डोळे उघडले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याचं पत्र त्यानं एक दिवसही स्वतःजवळ ठेवून घेतलं नव्हतं. आणि आज दुसऱ्याची अख्खी भेट दाबून बसला होता.

"ताई," पाय खाली घेत तो म्हणाला, "पत्ता चुकलाय. तुमचा गुडघा वरच्या मजल्यावर आहे. मला काही झालेलं नाही. कुणीतरी आलं, बरं वाटलं, म्हणून बोललो नाही. माफ करा."

आता त्या उठणार, डबा उचलणार आणि दार लागणार. तो खाली मान घालून बसला.

मावशी पोट धरून हसल्या. "अहो, म्हणजे धडधाकट गुडघ्यासाठी आम्ही देवाला एवढं साकडं घातलं?"

"वाया नाही जात ते," उंच बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. त्याच्याकडे नीट पाहत होत्या. "आमच्यात भेटीला जोडीनंच जातात. मावशींना आणखी एक जिना झेपायचा नाही, त्या इथेच बसतील. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? मी तुमच्या चर्चचा नाही हो."

"वरचं माणूसही नाही. डबा घ्या."

वरचं दार उघडायला बराच वेळ लागला. पांढऱ्या केसांची एक बाई काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती. उंच बाई चर्चचं सांगत होत्या, पण तिची नजर डबा धरलेल्या पोस्टमनवर खिळली होती.

"तुम्ही खालचे ना? रोज सकाळी तुमचा आवाज येतो. छान गप्पा चाललेल्या असतात. मी म्हणते, भाग्यवान माणूस, घरात बोलायला कुणीतरी आहे."

पोस्टमनचे कान तापले. "बायकोशी बोलतो," तो म्हणाला. "ती गेली. वर्ष होत आलं."

हे त्यानं या इमारतीत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

काठी टेकत, दुखरा पाय ओढत बाई बाजूला झाली, दोघांना आत यायला वाट करून दिली.

"मग उद्यापासून जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मलाही सोबत होईल."